चेहऱ्याच्या सणकेसाठी एमआरआय: कोणता काढावा, कोणत्यावर पैसे घालवू नयेत

चेहऱ्याच्या एकाच बाजूला वीज चमकावी तशी सणक. दात घासताना, दाढी करताना, घास चावताना, कधी नुसता पंख्याचा वारा गालाला लागला तरी. दंतवैद्याकडे दोन-चार खेपा होतात, एखादी धडधाकट दाढ हकनाक काढली जाते, आणि मग कुणीतरी चिठ्ठीवर दोन शब्द लिहितं: ‘एमआरआय ब्रेन’. गोची या दोन शब्दांतच आहे. त्याच मशीनवर दोन अगदी वेगळ्या तपासण्या होऊ शकतात. एकीतून शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येईल असं चित्र हाती येतं, दुसरीतून ‘मेंदू नॉर्मल’ एवढंच वाक्य. शिवाय मेंदूतली वेदना ‘दाखवणारी’ फंक्शनल एमआरआय आहे, जिची चर्चा फार आणि समज कमी.

निकाल आधीच सांगतो. साधा ब्रेन एमआरआय या दुखण्याला अपुरा. ट्रायजेमिनल प्रोटोकॉल, म्हणजे चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेसाठी ठरवलेला चित्रांचा संच, नीट काढला आणि नीट वाचला गेला तर पैसे वसूल. फंक्शनल एमआरआय हे विज्ञान म्हणून अफलातून, पण वेदनेची तपासणी म्हणून एकट्या पेशंटने विकत घ्यायची चीज नव्हे.

त्याआधी दुखण्याची जात ओळखायला हवी, कारण ते काम मशीन करत नाही. मराठीत दुखण्याला शब्दांची कमी नाही, आणि डॉक्टरांसमोर तेच शब्द कामी येतात. सणक किंवा शॉक, क्षणभर ते फार तर दोन मिनिटं, मध्ये पूर्ण शांत, ठरावीक जागी हात लागला की पुन्हा सुरू: हे ट्रायजेमिनल न्युराल्जियाचं, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या सणकेचं, वर्णन. रात्री वाढणारा, गार-गरम लागलं की उसळणारा ठणका बहुधा दाताचा. जबडा उघडताना कानापुढे दुखतं, कटकट वाजतं, ते सांध्याचं आणि स्नायूंचं. सतत आग, त्यात बधिरपणा, आणि आधी दाताचं काम किंवा मार किंवा नागीण झालेली असेल, तर नसच दुखावलेली असण्याची शक्यता मोठी. पेशंटने ‘खूप दुखतं हो’ एवढंच सांगितलं, तर सर्वात महागडं मशीनही फारसं काही करू शकत नाही.

साध्या एमआरआयमध्ये नेमकं काय हुकतं

चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस मेंदूच्या खोडातून, पॉन्स नावाच्या भागाच्या बाजूने बाहेर पडते. थोडं अंतर मेंदूभोवतीच्या पाण्यातून जाते आणि कवटीच्या तळाशी मेकेल्स केव्ह नावाच्या खळग्यात शिरते. तिथे तिची गाठ असते आणि गाठीपुढे तीन फांद्या: कपाळ-डोळा, गाल-वरचा ओठ, खालचा जबडा. नसेची जाडी जेमतेम काही मिलीमीटर. तिला खेटून बसणारी धमनी तर अनेकदा एक-दोन मिलीमीटरचीच.

साध्या ब्रेन एमआरआयचे काप साधारण पाच मिलीमीटर जाडीचे घेतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागाही सोडलेली असते. काकडीच्या जाड चकत्या केल्या तर आतली बी चकतीच्या पोटात लपून राहते, तसाच प्रकार. स्ट्रोक, मोठी गाठ, रक्तस्राव यांसाठी हे काप पुरतात. नस आणि धमनी यांचा संबंध बघायला पुरत नाहीत. त्यामुळे ‘नॉर्मल’ रिपोर्ट आला म्हणजे नस मोकळी आहे असा अर्थ काढू नये. बहुतेक वेळा तिच्याकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

ट्रायजेमिनल प्रोटोकॉलमध्ये तीन प्रकारची चित्रं हवीत, आणि युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच तीन सांगितली आहेत. पहिलं, बारीक कापांचं थ्रीडी टी-टू चित्र (टी-टू, टी-वन ही एमआरआय चित्रांच्या प्रकारांची नावं). मशीन सीमेन्सचं असेल तर त्याला ‘सिस’ म्हणतात, जीईचं असेल तर ‘फिएस्टा’, पण काम एकच. काप अर्धा ते पाऊण मिलीमीटरचे, मध्ये जागा न सोडता. यात पाणी पांढरंशुभ्र दिसतं आणि त्यातून जाणारी नस काळ्या दोऱ्यासारखी. अडचण अशी की धमनीही काळी आणि शीरही काळी. म्हणून दुसरं चित्र, टाइम-ऑफ-फ्लाइट अँजिओग्राफी, ज्यात वेगाने वाहणारं धमनीचं रक्त चमकतं आणि कोणता दोरा कोणाचा ते कळतं. तिसरं, डाय (गाठ-सूज उजळवणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन काढलेलं बारीक कापांचं थ्रीडी टी-वन. नसेवरची छोटी गाठ किंवा सूज त्यात उठून दिसते.

मशीन तीन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) असलं तर उत्तम, पण त्यावर अडून बसायचं कारण नाही. बारीक काप नीट घेतलेला दीड टेस्लाचा स्कॅन हा जाड कापांच्या तीन टेस्लापेक्षा कधीही चांगला. ‘आमच्याकडे थ्री टेस्ला आहे’ या जाहिरातीला भुलण्याआधी प्रोटोकॉल विचारावा.

फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच काही गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात. ‘ट्रायजेमिनल नर्व्हसाठी सिस किंवा फिएस्टा काढता का, काप किती मिलीमीटरचे?’ या प्रश्नाला काउंटरवरच्या व्यक्तीकडे उत्तर नसणं स्वाभाविक आहे. टेक्निशियनकडे फोन द्यायला सांगावं. त्याच्याकडेही नसेल तर दुसरं केंद्र बघावं. सांगितलेल्या दरात डाय धरला आहे का, हे विचारायला लोक विसरतात आणि बिलाच्या वेळी वाद होतो. डायसाठी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागतो. या डायचा, म्हणजे गॅडोलिनियमचा, नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिमोल असतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला नेहमीच्या तीव्रतेच्या औषधाचे सुमारे १२ मिलीलीटर. किडनीचं काम फार मंदावलं असेल, ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा आकडा) ३०च्या खाली असेल, तर डाय द्यायचा की नाही आणि कोणता, हे रेडिओलॉजिस्टने ठरवावं. डायशिवायही पहिली दोन चित्रं निघतात, आणि धमनीचा दाब बघायला तीच मुख्य आहेत.

मशीनमध्ये शिरताना

सगळं नीट जुळवूनही स्कॅन फसतो तो बहुधा इथे, आणि कारणं अगदी साधी असतात.

तपासणी उपाशीपोटी आहे असं समजून लोक सकाळची कार्बामाझेपिनची, म्हणजे सणक दाबणाऱ्या औषधाची, गोळी चुकवतात. कधीही चुकवू नये. गोळीचा असर उतरला की बोगद्यात झटके सुरू होतात, मान हलते, आणि अर्ध्या मिलीमीटरच्या कापांत एवढीशी हालचालही नस पुसून टाकते. उपाशी राहायचं आहे का, हे केंद्राला विचारावं. गोळी मात्र घोटभर पाण्याबरोबर वेळेवर घ्यावीच.

डोकं बसवायची जी टोपी असते, तिला कॉइल म्हणतात. आत डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी फोमचे तुकडे कोंबतात, आणि ते थेट गालावर दाबतात. सणकेच्या पेशंटचं झटका उठवणारं ठिकाण नेमकं तिथेच, नाकपुडीशेजारी किंवा ओठाच्या कडेला असतं. आडवं होण्याआधी बोटाने जागा दाखवून सांगावं, ‘इथे काही लावू नका’. फोम कपाळाच्या बाजूंना आणि कानामागे बसतो, तेवढा आधार पुरतो. दुसरी गोष्ट पंख्याची. बोगद्यात चेहऱ्यावर वारा सोडणारा पंखा असतो. इतर पेशंटना बरं वाटावं म्हणून टेक्निशियन तो आपणहून सुरू करतो. या पेशंटसाठी तो बंदच हवा.

आवाज प्रचंड असतो, कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही घ्यावेत. काढता येणारी कवळी काढावी. दातांच्या तारा लावलेल्या असतील तर आधी सांगावं, कारण स्टीलची तार आजूबाजूचं चित्र वाकडं करते. रूट कॅनाल किंवा जुनं चांदीचं फिलिंग यांची सहसा अडचण येत नाही. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतल्या जुन्या शस्त्रक्रियेची क्लिप यातलं काही असेल तर त्याचं कार्ड सोबत न्यावं.

आणि एक विनंती टेक्निशियनला आवर्जून करावी: बारीक कापांचं चित्र सुरुवातीला घ्या. अनेक ठिकाणी नेहमीचा ब्रेन एमआरआय आधी होतो आणि सिस-फिएस्टा शेवटी. तोवर अर्धा तास उलटलेला, पेशंट अवघडलेला, गिळायची इच्छा दाबून धरलेला. हे चित्र साधारण चार ते सहा मिनिटांचं असतं. तेवढा वेळ गिळणंसुद्धा टाळलं तर फरक दिसतो. मध्येच झटका आला तर हातातला रबरी फुगा दाबावा आणि तेवढा भाग पुन्हा घ्यायला सांगावा. अंधुक चित्र घेऊन घरी जाण्यापेक्षा पाच मिनिटं जास्त पडून राहणं परवडतं.

रिपोर्ट

खरी परीक्षा केंद्राची इथे होते. चांगल्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंच्या नसांचं वर्णन असतं, फक्त दुखऱ्या बाजूचं नाही. नसेला कोण भिडलं आहे त्याचं नाव असतं. शस्त्रक्रियेत सापडणारी सर्वात नेहमीची गुन्हेगार म्हणजे सुपीरियर सेरेबेलर धमनी, काहींमध्ये अँटीरियर इन्फीरियर सेरेबेलर धमनी, काहींमध्ये एखादी शीर. भिडण्याची जागा मेंदूच्या खोडापासून किती दूर, तेही लिहिलेलं असतं, कारण नसेच्या मुळाजवळचा भाग दाबाला जास्त हळवा असतो. आणि सर्वात महत्त्वाचं: नुसता स्पर्श आहे, की नस ढकलली गेली आहे, खाच पडली आहे, बारीक झाली आहे?

हा शेवटचा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते कोपनहेगनच्या २०१५च्या अभ्यासातून कळतं. तिथे १३५ पेशंटच्या दोन्ही बाजू तपासल्या. दुखऱ्या बाजूला नस आणि रक्तवाहिनीचा संपर्क ८९ टक्क्यांत सापडला. पण न दुखणाऱ्या बाजूलाही तो ७८ टक्क्यांत होताच! म्हणजे ‘धमनी नसेला लागून आहे’ या वाक्याला एकट्याने जवळजवळ किंमत नाही. नस ढकलली गेली किंवा सुकली आहे, असा जोराचा दाब मात्र दुखऱ्या बाजूला ५३ टक्क्यांत आणि दुसऱ्या बाजूला १३ टक्क्यांतच होता. फरक दिसतो तो इथे. म्हणूनच अशा दुखण्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘क्लासिकल’ (रक्तवाहिनीच्या दाबाने झालेलं) हे लेबल नुसत्या स्पर्शाला मिळत नाही. नसेच्या आकारात बदल दिसावा लागतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. चिठ्ठीवर ‘उजवी बाजू’ लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याचं लक्ष उजवीकडेच जातं आणि तिथे काहीतरी सापडतंही. बाजू न बघता दोन्ही नसा वाचून मग चिठ्ठीशी ताडून पाहणारा रेडिओलॉजिस्ट मिळाला तर त्याचं केंद्र लक्षात ठेवावं.

रिपोर्टमध्ये पॉन्समध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा (नसांचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचा) डाग आहे का, नसेच्या मार्गात मेनिंजिओमा, श्वानोमा किंवा एपिडरमॉइड गाठ आहे का, याचाही उल्लेख हवा. वय चाळिशीच्या आतलं, दुखणं दोन्ही बाजूंना, किंवा गालाला बधिरपणा, यांपैकी काही असेल तर हा भाग दुप्पट काळजीने बघायला सांगावं. एपिडरमॉइड गाठ तर पाण्यासारखीच दिसते, ती डिफ्युजन चित्रात (पाण्याची सूक्ष्म हालचाल टिपणाऱ्या) पकडली जाते. ‘नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मलिटी, क्लिनिकल को-रिलेशन’ एवढ्या दोन ओळींत आटोपलेला रिपोर्ट परत नेऊन पुरवणी मागायला संकोच करू नये.

फिल्म घेऊन समाधान मानू नका. सर्जनला चित्रं पुढे-मागे सरकवून, आडवी-उभी कापून बघायची असतात, त्यासाठी डायकॉम फाइल्सची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची, सीडी किंवा लिंक लागते. ती नसेल तर दुसऱ्या शहरातला सर्जन सरळ नवीन स्कॅन सांगतो, आणि त्यात त्याची चूक नसते. दाब स्पष्ट दिसला आणि औषधांनी भागत नसेल, तर धमनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया आहे. ती रूढ केली पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यांनी. तिथल्याच ११८५ पेशंटच्या पाठपुराव्यात, १९९६ साली छापलेल्या निकालांनुसार, दहा वर्षांनी सुमारे ७० टक्के लोकांना उत्तम आराम टिकून होता. स्कॅनच्या चित्रावर एवढं काही अवलंबून असतं, म्हणून इतका काथ्याकूट.

आणि मेंदूत वेदना दिसते का?

वरचा सगळा स्कॅन वेदनेचं कारण शोधतो, वेदना नव्हे. वेदना कुठे घडते हे बघायचं तर नसेमागे जावं लागतं, आणि हा रस्ता गमतीशीर आहे. ओठावरचा सणकेचा संदेश गाठीतून पॉन्समध्ये शिरतो आणि वर मेंदूकडे जाण्याऐवजी आधी खाली उतरतो. खोडातून पार मानेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीपर्यंत पसरलेल्या एका लांबट केंद्रात तो पोचतो. म्हणूनच मानेचं दुखणं आणि चेहऱ्याचं दुखणं एकमेकांत मिसळतं. या केंद्रात चेहऱ्याची मांडणी कांद्याच्या पाकळ्यांसारखी असते: नाक-ओठ वरच्या टोकाला, कानाकडची कड खालच्या. तिथून संदेश बाजू बदलतो, थॅलॅमस या मेंदूच्या मध्यावरच्या, संदेश वाटणाऱ्या भागात आतल्या बाजूच्या ठरावीक गठ्ठ्यात जातो, आणि मग वाटा फुटतात. एक वाट स्पर्श-नकाशाच्या पट्टीकडे जाते, जिथे चेहऱ्याला अंगाच्या मानाने अवाढव्य जागा दिलेली आहे. दुसऱ्या वाटा मेंदूतल्या इन्सुला आणि अँटीरियर सिंग्युलेट या भागांकडे जातात. ‘गालावर आहे’ हे पहिलीकडून कळतं. ‘नको, सहन होत नाही’ हे दुसऱ्यांकडून.

फंक्शनल एमआरआयने यातलं बरंच जिवंत माणसात दाखवलं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. बॉस्टनच्या गटाने २००२मध्ये निरोगी माणसांच्या कपाळाला, गालाला आणि जबड्याला उष्णतेचे चटके देऊन खोडापासून पट्टीपर्यंतचा तीन फांद्यांचा नकाशा टिपला. २०११चा एक फ्रेंच अभ्यास तर सणकेच्या १५ पेशंटवरचा. झटका उठवणाऱ्या जागेला स्पर्श केला आणि वेदना झाली, तेव्हा खोडातलं केंद्र, थॅलॅमस, इन्सुला, सिंग्युलेट सगळं पेटलं. स्पर्श झाला पण वेदना झाली नाही, तेव्हाही यातलं बहुतेक पेटलंच. फक्त खोड आणि सिंग्युलेट गप्प राहिले. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर मात्र त्याच स्पर्शाने फक्त स्पर्श-नकाशाच्या पट्ट्या उजळल्या. झटका नसलेल्या वेळीही या पेशंटचा मेंदू कान टवकारून बसलेला असतो, हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कशातूनच दिसत नाही. टोरांटोच्या गटाने दाखवलं की उपचार लागू पडला तर नसेच्या सूक्ष्म रचनेतले आणि इन्सुलातले बदल काही महिन्यांत माघारीही फिरतात.

एवढं असूनही ही तपासणी म्हणून का घेऊ नये? पहिलं कारण वेळेचं. फंक्शनल एमआरआय पेशींची वीज मोजत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा बदल मोजते. सेइजी ओगावा यांनी १९९०मध्ये दाखवलेलं हे तत्त्व: प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात थोडा गोंधळ घालतं. पेशी कामाला लागल्या की ताजं रक्त येतं आणि सिग्नल चढतो, पण शिखराला पोचायला पाच-सहा सेकंद घेतो. सणक निमिषात येऊन जाते. पेशंट डोळे पुसत असतो तेव्हा मशीनच्या लेखी ती आत्ता सुरू होते. लागोपाठ तीन झटके आले तर तिन्हींचा एकच ढीग दिसतो.

दुसरं, बदल असतो किती? तीन टेस्लाच्या मशीनवर एक-दोन टक्के. श्वास, नाडी, डोक्याची हालचाल यांचा गोंधळ सहज तेवढा होतो. मोजण्याचा ठोकळा साधारण तीन मिलीमीटरचा, आणि खोडातलं केंद्र स्वतःच काही मिलीमीटर रुंद, शिवाय नाडीच्या प्रत्येक ठोक्याला खोड हलतं. मासिकांत दिसणारे ते नारिंगी-पिवळे ठिपके एका माणसाचे नसतात. ते अनेकांची सरासरी काढून, मग आकडेशास्त्राची चाळणी लावून उरलेले असतात. चाळणी सैल पडली तर काय होतं, ते २००९मध्ये काही खट्याळ संशोधकांनी दाखवलं: मेलेला अटलांटिक सामन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्याच्या मेंदूत ‘हालचाल’ सापडली. विनोद म्हणून केलेल्या त्या कामाला २०१२चं इग नोबेल मिळालं. त्यानंतर २०१६मध्ये, नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या काही पद्धतींत खोट्या सापडण्याचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं गंभीरपणे तपासून मांडलं गेलं.

तिसरं कारण सर्वात निर्णायक. ज्यांना ‘वेदनेचे भाग’ म्हणतात ते फक्त वेदनेचे नाहीत. जन्मतः वेदना जाणवतच नाही अशा दोन व्यक्तींना २०१६मध्ये स्कॅन केलं, तर टोचल्यावर त्यांच्याही मेंदूत तोच इन्सुला-सिंग्युलेटचा नमुना दिसला. लक्ष वेधून घेणारं काहीही घडलं की हे भाग जागे होतात. अमेरिकेतल्या एका गटाने २०१३मध्ये ११४ माणसांच्या स्कॅनवरून वेदनेची ‘सही’ तयार केली आणि ती बऱ्यापैकी चाललीही. पण ती निरोगी माणसांना दिलेल्या तात्पुरत्या चटक्यांवर बेतलेली होती. वर्षानुवर्षांच्या चेहऱ्याच्या दुखण्याला ती लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा घालणं.

मेंदूच्या आकारमानाच्या मोजण्यांतही असाच गुंता. सिडनीच्या अभ्यासात, २०११मध्ये, नस दुखावून झालेल्या चेहऱ्याच्या वेदनेत थॅलॅमस लहान झालेला दिसला. जबड्याच्या सांध्याच्या वेदनेत तसा बदल नव्हता. ‘आग’ आणि ‘ठणका’ यांतला फरक मेंदूतही आहे, हे ऐकायला छान. पण सणकेच्या पेशंटमध्ये २०१३च्या जर्मन अभ्यासाला थॅलॅमस कमी भरला, तर त्याच वर्षी टोरांटोला तो जास्त भरला. गटांच्या पातळीवर यावर वाद घालता येतो. एका पेशंटच्या फाइलमध्ये ‘थॅलॅमस लहान आहे’ लिहून मात्र कोणताही उपचार बदलत नाही.

म्हणूनच वेदनाअभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गटाने २०१७मध्ये स्पष्ट सांगितलं की माणसाला जुनाट वेदना आहे किंवा नाही, हे ठरवायला मेंदूचं स्कॅनिंग वापरू नये. विमा आणि कोर्टाच्या कामात तर नाहीच. ‘स्कॅनमध्ये काही नाही, म्हणजे नाटक करतोय’ असं कुणी म्हणत असेल, तर ते विज्ञान नव्हे. उलट ‘तुमची वेदना आम्ही मेंदूत पाहून प्रमाणपत्र देऊ’ असं कुणी विकत असेल, तर तेही नव्हे.

फंक्शनल एमआरआय मोठ्या रुग्णालयांत मिळते, पण ती गाठीच्या शस्त्रक्रियेआधी हातापायाची आणि भाषेची जागा कुठे आहे ते बघायला. तिथे ती उपयोगी आहे, कारण पेशंटला ‘बोटं हलवा, थांबा, हलवा’ असं वीस-तीस सेकंदांच्या टप्प्यांत पुन्हा पुन्हा करायला सांगता येतं. सणक अशी हुकमी आणता येत नाही, आणि मागवून आणावी असं कुणी म्हणूही नये.

एखाद्या संस्थेने संशोधनासाठी बोलावलं तर जायला हरकत नाही, अट एकच: संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून मग सही. त्यात वेदना मुद्दाम उठवणार आहेत का, कशाने, किती वेळा, मध्येच थांबवता येईल का, औषध बंद करायला सांगणार आहेत का, हे लिहिलेलं असायला हवं. कार्बामाझेपिन स्वतःहून एकदम बंद करणं धोक्याचं, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर आधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारावं. संशोधनाच्या स्कॅनला पैसे मागत असतील तर तिथूनच परत फिरावं. जाताना सिस किंवा फिएस्टाचं चित्र त्याच बैठकीत काढणार असतील, तर त्याची डायकॉम प्रत मागून घ्यावी. सर्जनच्या टेबलावर कामाला येईल ती तीच.